दोरीला बांधलेलं विमान आणि दीड सीसीचं इंजिन

"कुठलं चांगलं?" हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना रोग. डेटाबेस कुठला चांगला, फोन कुठला चांगला, बाईक कुठली चांगली. मग एकजण बेंचमार्कचे आकडे आणतो, दुसरा त्याच्या उलटे आकडे आणतो, आणि तोवर टपरीवरचा चहा गार होतो. आज याच प्रश्नाचा एक जुना आणि भलताच आवाजी अवतार घेऊन आलोय. अंगठ्याएवढ्या इंजिनांचा. ही इंजिनं चालवून एकमेकांशी तोलून बघणाऱ्या लोकांनी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जे शिकून ठेवलंय, ते आपल्या बेंचमार्कवाल्या जमातीने जरूर वाचावं असं आहे.

आमच्या हिंगणा रोडवर एका बाजूला एमआयडीसीतले लेथ आणि दुसऱ्या बाजूला इंजिनियरिंग कॉलेजं. या कॉलेजांतला एनसीसीच्या एअर विंगमधला एखादा पोट्टा गाठा आणि त्याला "कंट्रोल लाईन" एवढंच म्हणा. पुढचा अर्धा तास तोच बोलेल! एनसीसीची एअर विंग १ एप्रिल १९५० ला मुंबई आणि कोलकात्यात एकेक स्क्वाड्रन उभारून सुरू झाली. नागपूरचं आहे २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन. एअर विंगच्या पोरांना एरोमॉडेलिंग शिकवतात आणि ऑल इंडिया वायु सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धाही होतात. त्यातला एक प्रकार म्हणजे दोरीला बांधलेलं विमान, अर्थात कंट्रोल लाईन.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाच्या मधोमध माणूस उभा. त्याच्या हातात एक हँडल, हँडलपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा, आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला विमान. तारा पंखातून आत जाऊन बेलक्रँक नावाच्या एका छोट्या तरफेला जोडलेल्या असतात. हँडल वर झुकवलं की एक तार ओढली जाते, तरफ फिरते आणि शेपटीचा एलिव्हेटर हलतो. बस्स. डावं-उजवं काही नाही, थ्रॉटलही बहुतेक वेळा नाही. विमान माणसाभोवती गोल गोल फिरणार, आणि माणूसही त्याच्यासोबत गोल गोल फिरणार. (पहिल्यांदा उडवणाऱ्याला विमानाआधी स्वतःलाच भोवळ येते.)

आता थोडं गणित. अर्ध्या किलोचं मॉडेल, तारा १६ मीटर, वेग सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किमी. एक फेरी चार सेकंदांत. हातावर येणारी ओढ साधारण दोन किलोची. म्हणजे संत्र्यांची दोन किलोची पिशवी हातात घट्ट धरून गरगर फिरायचं. ही ओढ आहे म्हणून तारा ताठ राहतात, आणि तारा ताठ आहेत म्हणून ताबा राहतो. इंजिन मध्येच मरगळलं तर ओढ जाते, तारा सैल पडतात आणि विमान कुणाचंच ऐकत नाही. त्यामुळे या खेळात इंजिन नुसतं विमान पुढे ढकलत नाही, ते स्टिअरिंगसुद्धा जिवंत ठेवतं. इंजिनांची तुलना हा या लोकांचा एवढा जिव्हाळ्याचा विषय का, ते इथे कळतं.

ही कल्पना कुणाची? अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरने 'यू-कंट्रोल' या नावाने ती बाजारात आणली, तिचं 'फायरबॉल' नावाचं विमान विकलं आणि १९४२ साली पेटंटही मिळवलं. पुढे त्याने कॉक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीशी पेटंटवरून वाद घातला आणि १९५५ मध्ये तो हरला. कारण त्याच ओरेगन राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर नावाच्या माणसाने १९३० च्या दशकातच तारांवर विमान उडवलं होतं. 'प्रायर आर्ट'ने पेटंट पडल्याची गोष्ट आपल्या धंद्यात नवी नाही, पण दोरीच्या विमानातही ती आहे याची मला फार गंमत वाटली.

पण दोरी ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे इंजिन.

सुरुवातीची मॉडेल इंजिनं गाडीसारखी होती. स्पार्क प्लग, कॉईल, कंडेन्सर, बॅटरी असा सगळा लवाजमा. बिल ब्राऊनचं 'ब्राऊन ज्युनियर' हे जवळपास दहा सीसीचं इंजिन १९३० च्या दशकात अमेरिकेत गाजलं. मात्र इंजिनासोबत हा सगळा पसारा हवेत न्यायचा तर विमान मोठंच लागणार. यातून सुटायचे दोन रस्ते निघाले, आणि ते निघाले वेगवेगळ्या खंडांत.

युरोपने धरला डिझेलचा रस्ता. स्वित्झर्लंडमध्ये १९४१ च्या सुमारास 'डायनो' नावाचं इंजिन आलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये 'मिल्स १.३' आलं आणि त्या देशाला डिझेलचं वेडच लागलं. (योगायोग बघा, आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली तीही १९४६ सालीच. विहिरीवर धडधडणारं एक डिझेल आणि बोटांवर मावणारं दुसरं!) या छोट्या डिझेलला प्लग नाही, बॅटरी नाही, इंजेक्टरही नाही. सिलिंडरच्या वरच्या बाजूला आणखी एक छोटा पिस्टन असतो, तो डोक्यावरच्या स्क्रूने खाली-वर करायचा आणि कॉम्प्रेशन ठरवायचं. इंधन म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर, ढोबळमानाने तिन्ही सारखी. रॉकेल ताकद देतं, एरंडेल वंगण देतं, आणि ईथर रॉकेलपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेत असल्यामुळे नुसत्या दाबाने गाडं सुरू करतं.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. १९४७ मध्ये रे आर्डनने ग्लो प्लग विक्रीला आणला. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीकशी गुंडाळी, सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ती लाल करायची आणि इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. इंधन मिथेनॉल. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होत राहते, त्यामुळे गुंडाळी स्वतःच तापलेली राहते. अख्खी इग्निशन सिस्टीम एका तारेत! मग कॉक्सने १९५० च्या दशकात ०.०४९ घन इंचाची, म्हणजे ०.८ सीसीची इंजिनं अक्षरशः लाखोंनी बनवली, आणि अमेरिकन पोरांच्या एका अख्ख्या पिढीची बोटं पंख्याने सोलवटली.

मग भारतात काय झालं? इथे 'कुठलं चांगलं' या प्रश्नाला पहिला तडा जातो. कागदावर बघितलं तर ग्लो इंजिन हलकं, जास्त आरपीएम देणारं, सुरू करायला सोपं. पण त्याला मिथेनॉल लागतं. मिथेनॉल हे विष आहे आणि आपल्याकडे त्यावर कडक निर्बंध आहेत. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती या मिथेनॉलनेच. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पावसाळ्यात नीट बंद न केलेला डबा वाया. वर प्लग जळला की नवा आणायचा कुठून? याउलट डिझेलला काय हवं? रॉकेल रेशनच्या दुकानात, एरंडेल वाण्याकडे, आणि ईथर, जे एकेकाळी भूल द्यायला सर्रास वापरायचे, ते केमिकलच्या दुकानात. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरने 'अरोरा' नावाने बनवलेलं दीड सीसीचं इंजिन डिझेलच होतं, यात नवल नाही. हॉर्सपॉवरचा तक्ता काहीही म्हणो, ज्याचं इंधन गावात मिळतं ते इंजिन त्या गावात चांगलं. आपण ज्याला डिपेन्डन्सी म्हणतो तोच हा प्रकार.

आणि गाव नागपूर असेल तर आणखी एक भानगड. ईथर साधारण ३४.६ अंशाला उकळतं. नागपूरचं मे महिन्याचं तापमान तुम्हाला सांगायला नको, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदलं गेलंय. रॉकेल-एरंडेलात मिसळल्यावर ते एकदम फसफसत नाही हे खरं, पण दर वेळी डबा उघडला की ईथर आधी निघून जातं आणि मिश्रणाचा हिशोब बिघडतो. सकाळी एका फटक्यात सुरू होणारं इंजिन दुपारी शंभर फटके मारले तरी ढिम्म. इंजिन तेच, सेटिंग तेच, डबाही तोच, फक्त आत आता पहिल्याइतकं ईथर नाही. म्हणून उन्हाळ्यात छोट्या बाटल्या, घट्ट झाकण, सावली आणि सकाळची वेळ. (ईथरची वाफ भयंकर पेट घेते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे जवळपास विडी-सिगारेट अजिबात नको.)

आता तुलना कशी करायची त्याकडे येऊ. इंग्लंडच्या 'एरोमॉडेलर' मासिकात लॉरेन्स स्पॅरी आणि रॉन वॉरिंग यांच्यासारखी मंडळी एकेक इंजिन बेंचवर बांधून त्याचे टॉर्क आणि पॉवरचे आलेख छापायची. 'मॉडेल एअरक्राफ्ट'मध्ये पीटर चिन हेच काम करायचे. वाचक त्या आलेखांवरून भांडायचे. सगळं ओळखीचं वाटतंय ना? :)

घरी करायचा सोपा प्रकार म्हणजे प्रोपेलर टेस्ट. एकच पंखा आळीपाळीने दोन्ही इंजिनांना लावायचा आणि आरपीएम मोजायचे. इथे पहिली मेख आहे. एक इंजिन १०,००० आणि दुसरं ११,००० दाखवतंय, तर फरक दहा टक्के वाटतो. पण पंखा फिरवायला लागणारी पॉवर आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.१ चा घन १.३३. म्हणजे दुसरं इंजिन ३३ टक्के जास्त पॉवर देतंय!

दुसरी मेख हवेची. डिसेंबरच्या सकाळी नागपूरला १२ अंश आणि मेच्या दुपारी ४५. तेवढ्या फरकाने हवेची घनता साधारण दहा टक्क्यांनी उतरते. मग आरपीएम पडायला हवेत ना? गंमत अशी की ते फारसे पडत नाहीत. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी होतो, पण त्याच विरळ हवेमुळे पंख्याचा विरोधही तेवढाच कमी होतो. ढोबळमानाने टॅकोमीटर तोच आकडा दाखवतो आणि प्रत्यक्षात पॉवर नि ओढ दहा टक्क्यांनी गेलेली असते. डॅशबोर्ड हिरवागार आणि सिस्टीम आजारी, ही अवस्था आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेली आहे.

तिसरी मेख मोजमापाच्या यंत्राची. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवलं होतं, आठवतंय? देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तसंच टॅकोमीटरचं. तो तपासायला एक झकास देशी युक्ती आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. ऑप्टिकल टॅकोमीटर दोन पात्यांच्या सेटिंगवर ठेवून ट्यूबलाईटकडे धरा, बरोबर ३,००० यायला हवेत. नाही आले तर आधी मीटरचं बघा, इंजिनांचं नंतर.

आता समजा हे सगळं नीट केलं आणि बेंचवर विजेता ठरला. तो हवेत जिंकेलच का? नाही! कंट्रोल लाईनमध्ये विमान सतत गोल फिरत असल्यामुळे टाकीतलं इंधन बाहेरच्या भिंतीला दाबलं जातं. म्हणून टाकीची नळी बाहेरच्या कोपऱ्यात ठेवतात. बेंचवर इंधन शांत बसलेलं असतं, हवेत त्याच्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट जोर असतो (वरच्या उदाहरणातले आकडे घेऊन बघा). त्यात पंख्यावरचा भारही हवेत हलका होतो. त्यामुळे जमिनीवर सुई नेमकी लावलेलं इंजिन हवेत गेल्यावर तसंच वागेल याची काहीच खात्री नाही.

मग उडत्या विमानाचे आरपीएम मोजायचे कसे? हा या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. गोलाच्या बाहेर उभं राहिलात तर विमानाचा आवाज जवळ येताना चढतो, लांब जाताना उतरतो. अकरावीतला डॉप्लर. पण मधोमध उभ्या माणसापासून विमानाचं अंतर बदलतच नाही. त्याच्यासाठी डॉप्लर नाहीच! त्याच्या कानावर येतो तो इंजिनाचा खरा सूर. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे १२,००० आरपीएमला २०० हर्ट्झ. खिशातल्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि घरी येऊन स्पेक्ट्रम काढायचा. (दोन पात्यांचा पंखा ४०० ला वेगळी रेघ देतो, ती मोजून दुप्पट आकड्याने हुरळून जाऊ नये.) रेडिओ कंट्रोलवाल्यांना असा फुकटचा टेलिमेट्री डेटा मिळत नाही.

पण समजा हाही आकडा हातात आला. तरी "कुठलं चांगलं" सुटत नाही, कारण कशासाठी चांगलं?

वेगाच्या स्पर्धेत, म्हणजे एफ-२-ए मध्ये, अडीच सीसीचं ग्लो इंजिन. तारा १७.६९ मीटर, कारण तेवढ्या तारेवर नऊ फेऱ्यांचा बरोबर एक किलोमीटर होतो. वेग ताशी ३०० किमीच्या आसपास. म्हणजे एक फेरी सव्वा-दीड सेकंदात आणि ओढ वजनाच्या चाळीसपट. इथे फक्त पॉवरला मान.

टीम रेसमध्ये, म्हणजे एफ-२-सी मध्ये, तीन विमानं एकाच गोलात, शंभर फेऱ्यांचे दहा किलोमीटर, आणि इंधन संपलं की उतरवून, भरून, पुन्हा सुरू करून सोडायचं. इथे राज्य डिझेलचं. का, ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू. 'अ' इंजिनाची फेरी २ सेकंदांची आणि एका टाकीत २५ फेऱ्या. 'ब' इंजिनाची फेरी १.९ सेकंदांची पण टाकीत २० फेऱ्या. प्रत्येक थांब्याला १२ सेकंद जातात असं धरा. 'अ'चे २०० अधिक तीन थांब्यांचे ३६, एकूण २३६. 'ब'चे १९० अधिक चार थांब्यांचे ४८, एकूण २३८. हळू इंजिन जिंकलं! आणि गरम इंजिन एका फटक्यात सुरू नाही झालं तर सगळंच मुसळ केरात.

कसरतींच्या स्पर्धेत तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथे अमेरिकेच्या 'फॉक्स ३५' या ५.७ सीसीच्या इंजिनाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक वर्षं गाजवली. ते काही सगळ्यात ताकदवान नव्हतं. त्याची खुबी अशी की थोडं जास्त इंधन देऊन लावलं की सरळ उडताना ते एक आड एक फेऱ्याला पेटायचं, रमतगमत. विमानाने नाक वर केलं, भार आला, की आपोआप दर फेऱ्याला पेटून जोर लावायचं, आणि सरळ झालं की पुन्हा शांत. आपोआप लोड ओळखून स्केल होणारं इंजिन, तेही एका ओळीच्या कोडशिवाय. बेंचवरच्या कमाल आरपीएमच्या तक्त्यात हा गुण कुठे दिसणार?

आता हे सगळं आज सांगायचं कारण. ही इंजिनं हळूहळू जात आहेत. इलेक्ट्रिक मोटर आली, ती स्वच्छ आहे, शांत आहे, बटण दाबलं की फिरते. एअर विंगच्या पोरांच्या हातातही आता ड्रोन आलेत आणि ते यायलाच हवेत. रेशनचं रॉकेल जवळपास मिळेनासं झालंय, ईथर कुणी सहज हातात देत नाही. ज्या कारणाने डिझेल आपल्याकडे रुजलं, त्याच कारणाने ते सुटतंय. इंजिन वाईट नव्हतं, त्याच्या डिपेन्डन्सीज गेल्या.

पण त्याच्यासोबत एक शिक्षणही चाललंय. दीड सीसीच्या डिझेलला दोनच गोष्टी हलवायच्या असतात, कॉम्प्रेशनचा स्क्रू आणि इंधनाची सुई, आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून. अठरा वर्षांचा कॅडेट अर्ध्या तासात शिकतो की एका वेळी एकच गोष्ट हलवायची, थोडीच हलवायची, आणि आवाज ऐकायचा. आम्हाला हेच शिकवायला ऑफिसात ट्रेनिंग लागतं, आणि तरी लोक प्रॉडक्शनवर एका दमात चार सेटिंग बदलतात.

तेव्हा तुमच्या कॉलेजच्या एखाद्या कपाटात, काका-मामाच्या ट्रंकेत असं एखादं जाम झालेलं इंजिन सापडलं तर भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा ते मेलेलं नसतं, आतलं एरंडेल वाळून त्याची वार्निश झालेली असते. पकडीने पिरगाळू नका. त्याचा पिस्टन रिंगशिवाय, नुसता घासून मायक्रॉनच्या हिशोबात बसवलेला असतो. हेअर ड्रायरने कोमट करा, दोन थेंब पातळ तेल सोडा, एक रात्र थांबा, आणि बोटांनी हलकेच फिरवून बघा. मोकळं झालं की एक वही घ्या आणि पहिल्या पानावर पंख्याचं माप, इंधनाचं प्रमाण, तारीख, वेळ आणि तापमान लिहा. आरपीएमचा रकाना सगळ्यात शेवटी.